भोंग्याच्या नाटकाचा करार

वकिली करायला लागल्यापासून मला एक खोड जडली आहे. कुणाचं नाव कागदावर लिहायचं म्हटलं की त्याची परवानगी आहे का, हे मी आधी पाहते. या हकिकतीतल्या माणसांना मी विचारलेलं नाही, म्हणून इथं काकू, काका, सर, चिटणीस एवढ्यावरच भागवून घ्यावं लागेल. तशी आमच्या जबलपूरच्या कॉलनीत नावांची कुणाला फारशी गरज पडतही नव्हती. प्रत्येक जण कुणाचा तरी भावजी, नाहीतर कुणाची तरी वहिनी होती.

मी मनोरंजन-कायदा शिकायचं ठरवलं तेव्हा घरात सगळ्यांत मोठ्यानं हसले ते बाबा. ते संरक्षण खात्याच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. "इथं तोफा निघतात बेटा," ते म्हणाले, "पिक्चर कोण काढून राहिलं इथं?" मला राग पटकन येतो आणि रागाच्या भरात मी काहीतरी करून मोकळी होते. त्या दिवशी फी भरून मोकळी झाले.

त्याआधी चार वर्षं मी हायकोर्टात एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली नोकरीविषयक खटले पाहत होते. कुणाची बदली, कुणाची बढती, कुणाचं पेन्शन. माणसं भली होती, पण सगळ्यांचे अर्ज एकाच साच्यातले. ते मी झोपेतही लिहू शकले असते आणि एकदोनदा तसे लिहिलेही असावेत. अशात कोर्टाच्या मागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानाच्या वर, एक पाटी दिसली. माध्यमं आणि मनोरंजन यांचा कायदा, सहा महिने, शनिवार-रविवार.

शिकवणारे सर मूळचे इथलेच. मुंबईत वीस वर्षं त्यांनी सिनेमा आणि मालिकांचे करार केले, आईच्या आजारपणासाठी परत आले आणि आई बरी झाल्यावरही राहिले. वर्गात आम्ही नऊ जण. सात वकील, एक ऑर्केस्ट्रात गाणाऱ्या बाई, आणि एक लग्नाचे व्हिडिओ काढणारा भैया. वऱ्हाडी जेवतानाच्या शॉटवर त्यानं सिनेमाचं गाणं टाकलं होतं आणि त्याला नोटीस आली होती. कायद्याबद्दलची त्याची आस्था आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त होती, कारण ती भीतीतून आलेली होती.

पहिल्याच दिवशी सरांनी फळ्यावर काहीच लिहिलं नाही. टेबलावर बसून ते म्हणाले, "करार उसी को सुनाओ, जिसका हक जा रहा है. फिर वो अपनी बोली में तुमको वापस सुनाए. जहाँ अटके, समझो वहाँ तुम्हारा करार कच्चा है." याला आम्ही 'वापसी' म्हणू लागलो. मुंबईत त्यांनी अशी पुष्कळ माणसं पाहिली होती, ज्यांनी साठ पानांवर सह्या केल्या आणि आपण काय देऊन बसलो हे त्यांना सिनेमा लागल्यावर कळलं. त्या सह्या घेणाऱ्यांत मीही होतो, असं ते सरळ सांगत. सहा महिन्यांच्या शेवटी परीक्षा नव्हती. प्रत्येकानं एका खऱ्या माणसाचा खरा करार लिहायचा आणि त्या माणसाला वर्गात आणून वापसी करून दाखवायची, एवढंच होतं.

व्हिडिओवाल्या भैयानं आपल्या मामाची बँड पार्टी धरली. ऑर्केस्ट्रावाल्या बाईंनी स्वतःलाच धरलं. माझ्याकडे कुणी नव्हतं. मी महिनाभर तोंड पाडून फिरत होते, तेव्हा आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "काकूंच्या नाटकाचं ऐकलं नाही का तू?"

काकू आमच्यापासून दोन क्वार्टर सोडून राहायच्या. भोंग्याचं नाटक त्यांनी तीसेक वर्षांपूर्वी लिहिलं. तेव्हा कॉलनीत घड्याळं होती, पण त्यांच्याकडे कुणी पाहत नसे. कारखान्याचा भोंगा वाजला की उठायचं, दुसरा वाजला की डबा भरायचा, तिसरा वाजला की नवरा घराबाहेर. काकूंच्या नाटकात एके सकाळी भोंगा वाजतच नाही. सगळे पुरुष झोपून राहतात. नऊ वाजता बनियनवर उठतात आणि आपल्या घरात सकाळी काय काय चालतं ते आयुष्यात पहिल्यांदा बघतात. पोस्टमन येतो, सगळे घरी पाहून त्याला वाटतं कुणीतरी गेलं, आणि तो दारात बसून रडायला लागतो. संध्याकाळी एकदाचा भोंगा वाजतो, आणि सगळे आंघोळीला धावतात. तो भोंगा वाजवायचं काम काकांचं, म्हणजे काकूंच्या यजमानांचं. दोन तास विंगेत पत्र्याचं नरसाळं घेऊन गप्प बसायचं आणि शेवटी एकदाच फुंकायचं. एका वर्षी त्यांना डुलकी लागली आणि नाटक संपेचना. पोस्टमनला पुन्हा एकदा रडावं लागलं.

गणेशोत्सवात हे नाटक इतक्यांदा झालं, की आम्हा पोरांना ते पाढ्यांसारखं पाठ होतं. हँडबिलावर मात्र दरवर्षी एकच ओळ असायची. लेखन: मंडळ. यात कुणाचा कपट-कावा नव्हता. गणपतीपुढचं नाटक म्हणजे नैवेद्य, आणि नैवेद्याच्या वाटीवर कुणी आपलं नाव टाकतं का, असं सगळेच म्हणत. सुरुवातीला काकूही म्हणायच्या.

आता झालं असं होतं, की गेल्या गणपतीतला प्रयोग कुणीतरी मोबाईलवर टिपला, तो फिरत फिरत एका हिंदी सिनेमा कंपनीपर्यंत गेला आणि त्यांचा माणूस मंडळात येऊन थडकला. मंडळाचे चिटणीस आनंदानं वेडे व्हायचे बाकी राहिले. त्यांनी लगेच लेटरहेडवर लिहून दिलं, की नाटक मंडळाचं आहे, खुशाल घ्या. वर त्या माणसाला शाल आणि श्रीफळही दिलं. मग पेढे घेऊन स्वतः काकूंकडे गेले. "वहिनी, आपलं नाटक पिक्चरमध्ये येऊन राहिलं."

मी गेले तेव्हा काकू ओट्याशी उभ्या होत्या. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. "पेढा खाल्ला मी," त्या म्हणाल्या. "गोड होता. पण पैसा-गिसा नको मला बेटा. पडद्यावर माझं नाव यायला पाहिजे. एकदा. बस."

मी सातव्या आसमानात. मला माझा खरा माणूस मिळाला होता, आणि त्याला काय हवं होतं हेही एका ओळीत कळलं होतं. सोपं काम, असं वाटून मी सरांच्या जुन्या करारांतला सगळ्यांत जाडजूड नमुना उचलला आणि मराठीत उतरवायला बसले.

तिथं माझी फे फे उडाली. माझं मराठी घरातलं, स्वयंपाकघराचा उंबरा न ओलांडलेलं. चटणी कशी वाटायची ते मी मराठीत सांगू शकत होते, हक्क कसे सोपवायचे ते नाही. बाबांनी जुना शब्दकोश काढला आणि मी इंग्रजी वाचायचं, त्यांनी चष्मा सावरत मराठी शोधायचं, असं आम्ही पंधरा दिवस केलं. पिक्चर कोण काढून राहिलं, असं विचारणारा माणूस आता जेवताना 'अनन्य अधिकार' असले शब्द वापरू लागला. भाजीच्या पातेल्यावर माझा अनन्य अधिकार आहे, असं त्यांनी आईला सांगितलं आणि बोलणी खाल्ली. आज मी हे मराठीत लिहिते आहे, ते त्या पंधरा दिवसांचंच देणं आहे.

पहिली वापसी काकूंच्या व्हरांड्यात झाली. त्या मटार सोलत होत्या. मी घसा साफ करून वाचायला लागले. "सध्या अस्तित्वात असलेल्या तसेच भविष्यात शोध लागणाऱ्या सर्व माध्यमांमध्ये, संपूर्ण विश्वात..."

"थांब," काकू म्हणाल्या. "विश्वात म्हणजे?"

"सगळीकडे."

"मंगळावर कोण नाटक पाहून राहिलं?" मी काही बोलायच्या आत त्यांचं पुढचं आलं. "आणि जे अजून निघालंच नाही, ते मी आज काहून देऊ? नातीच्या पोरीचं लग्न आत्ताच ठरवून ठेवल्यासारखं झालं हे."

मी पेन्सिलनं दोन्हीकडे खुणा केल्या आणि पुढं गेले. अकराव्या पानावर वाक्य होतं, की लेखकाला श्रेय देणे अथवा न देणे हे निर्मात्याच्या इच्छेवर अवलंबून राहील. ते मी इतर वाक्यांसारखंच सुरात वाचलं. मटारच्या शेंगा फुटण्याचा आवाज बंद झाला.

"म्हणजे नाव नाही येणार," काकू म्हणाल्या.

"येईल ना काकू. म्हणजे, त्यांना वाटलं तर."

"वाटलं तर." काकूंनी एक शेंग उचलली आणि तशीच ठेवली. "वाटलं तर यावर तीस वर्षं काढली मी, बेटा. त्यासाठी करार कशाला पाहिजे?"

मला इतकी लाज वाटली, की मी मटार सोलायला लागले. एका बाईनं मला एकच गोष्ट मागितली होती आणि तीच नेमकी मी पंधरा पानांच्या ढिगात पुरून तिच्यासमोर आणली होती. तीही शुद्ध मराठीत, बाबांच्या शब्दकोशाच्या मदतीनं. टोपलीभर मटार सोलून झाल्यावर मी ती पंधरा पानं घरी नेली आणि बाबांना म्हटलं, पुन्हा पहिल्यापासून. या खेपेला पाचच पानं झाली, आणि नावाची अट पहिल्या पानावर आली.

रविवारी सरांना सगळं सांगितलं. मंगळाच्या प्रश्नावर ते पोट धरून हसले. जे माध्यम आज नाहीच, त्याचे हक्क करारात स्पष्ट लिहिल्याशिवाय जात नाहीत, असं आपला कायदाही म्हणतो, ते म्हणाले, आणि तुझ्या काकूंनी तर कलम न वाचताच सांगितलं. मग गंभीर झाले. "अब ये बताओ, साबित कैसे करोगी कि लिखा उन्होंने?"

लिहिल्या क्षणी हक्क जन्माला येतो, नोंदणी लागत नाही, हे मला तोंडपाठ होतं. मी ते झटक्यात म्हणून दाखवलं. सर म्हणाले, बरोबर, पण कुणाच्या पोटी जन्माला आला? हँडबिलं म्हणतात मंडळाच्या. लेटरहेड म्हणतं मंडळाच्या. काकूंच्या हातची वही आहे का?

वही नव्हती. मंडळाच्या ट्रंकेत ठेवलेली नाटकाची अख्खी वही वाळवीनं कधीच फस्त केली होती. हे मी काकूंना सांगितलं तेव्हा मला वाटलं त्या खचतील. त्या म्हणाल्या, "वही गेली तर गेली. नकला आहेत ना."

हौशी नाटकात प्रत्येकाला अख्खं नाटक कधी मिळत नसे. ज्याची जी भूमिका, तेवढीच वाक्यं आणि आधीच्या माणसाच्या वाक्याचे शेवटचे दोन-तीन शब्द, एवढं वेगळ्या कागदांवर उतरवून त्याला देत. ती त्याची नक्कल. भोंग्याच्या नाटकात सात पात्रं होती आणि सातही नकला काकूंनी स्वतः उतरवल्या होत्या, रोज दुपारी, पोरं शाळेत गेल्यावर. कोण आता कुठं राहतो हे त्यांना ठाऊक होतंच, तालमीला कोण चहात किती साखर घ्यायचा तेही आठवत होतं.

मग आमच्या स्वाऱ्या निघाल्या. मी स्कूटीवर पुढं, काकू मागं, मांडीवर कापडी पिशवी. गोहलपुरात नाटकातल्या पोस्टमनचं बुकबाइंडिंगचं दुकान होतं. त्यांनी आपली नक्कल चक्क कापडी पुठ्ठ्यात बांधून, वर सोनेरी पट्टी मारून ठेवली होती. "काहून म्हणजे?" ते मलाच म्हणाले. "दुनियेची पुस्तकं बांधतो, माझं एक नको बांधू?" रिछाईच्या एका फॅक्टरीत नाटकातले आळशी मेहुणे सुपरवायझर होते. त्यांच्या लॉकरमध्ये डब्याखाली घडी घातलेली नक्कल निघाली, तेलाच्या डागांसकट. नाटकाचा नायक पनागरला शेती करत होता. त्यांनी नक्कल दाखवली, हातात मात्र दिली नाही. "वहिनी, जीव मागा," ते म्हणाले. "नक्कल पाहिजे असेल तर मी बरोबर येतो." पुढच्या रविवारी ते खरंच आले, आणि येताना अर्धं पोतं मटार घेऊन आले. त्या हिवाळ्यात मी मटारशिवाय दुसरं काही खाल्ल्याचं आठवत नाही.

तो रविवार माझ्या आयुष्यातल्या फार सुखाच्या दिवसांपैकी एक. मंडळाच्या हॉलमध्ये सातही नट जमले. कुणाचा गुडघा धरलेला, कुणाचे दात नवे. चिटणीस त्यातलेच एक, नाटकातले सासरे. खोव्याची जलेबी आली, पोहे आले. सर मागच्या रांगेत वही उघडून बसले. ठरलं असं होतं, की प्रत्येकानं आपापली नक्कल हातात घेऊन क्रमानं वाचायची आणि मी जुळवून लिहून घ्यायचं. पहिली चार वाक्यं त्यांनी वाचली. पाचव्याला मेहुण्यांनी खुर्ची मागं सारली आणि जमिनीवर आडवे होऊन घोरायला लागले. मग कुणी ऐकेना. नायक बनियन दाखवायला शर्टाची बटणं काढू लागला. पोस्टमन दारात बसून असा रडला, की सरांना मराठीतलं निम्मं कळत नसूनही त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, अर्थात हसून. मी लिहायचं सोडून टाळ्या वाजवत होते.

मधेच एका वाक्यावरून वाजलं. "हे वाक्य माझं आहे," मेहुणे म्हणाले. "वहिनींनी नव्हतं लिहिलं, मी स्टेजवर टाकलं होतं." त्याबरोबर बाकीच्यांनाही आपापली वाक्यं आठवली. प्रत्येकानं थोडंथोडं लिहिलं असेल, तर नाटक मंडळाचंच ठरतं की काय? सर मागून उठून पुढं आले. मी काकूंकडे पाहिलं. त्या शांतपणे पोह्यांवर लिंबू पिळत होत्या.

"बाजूला पाहा ना," त्या म्हणाल्या. "समासात."

सगळ्यांनी आपापल्या नकला डोळ्यांजवळ नेल्या. समासात, बारीक अक्षरात, निळ्याऐवजी हिरव्या शाईनं लिहिलेलं होतं. हे मेहुणे भावजींनी सुचवलं. हे पोस्टमन भावजींचं. एवढं चिटणीस भावजींचं. अख्ख्या नाटकात अशी वीस-बावीस वाक्यं निघाली. बाकीचं सगळं निळं होतं. दर वर्षी प्रयोग झाला की काकू नकला मागवून घेत, कुणी काय नवीन टाकलं ते उतरवत आणि बाजूला त्याच्या नावावर करून परत देत. ज्या बाईचं नाव हँडबिलावर एकदाही आलं नाही, तिनं दुसऱ्याच्या अर्ध्या ओळीचंही श्रेय बुडवलं नव्हतं. मला तिथं रडू आलं. मी ते लपवलं नाही.

चिटणीस आपली नक्कल बराच वेळ पाहत राहिले. एक वाक्य त्यांचं आहे हे ते स्वतःच विसरले होते. मग कपाटातून लेटरहेड काढून ते टेबलाशी बसले. आधीचं पत्र मागं घेतो, नाटक वहिनींचं आहे, मंडळानं फक्त सादर केलं, असं त्यांनी लिहायला घेतलं आणि पेन थांबलं. "वहिनी," ते जरा ओशाळून म्हणाले, "नाव काय टाकू?"

हॉलमधल्या सात जणांपैकी एकालाही ते माहीत नव्हतं. तीस वर्षं वहिनी म्हणून त्यांच्या हातचा चहा प्यायलेली ही माणसं. काकूंनी क्षणभर थांबून नाव सांगितलं. चिटणिसांनी ते लिहिलं, मीही माझ्या वहीत लिहिलं आणि तेच करारात घातलं. ते थांबणं मला दिसलं होतं. पण मी घाईत होते.

शेवटच्या रविवारी वर्गात पाय ठेवायला जागा नव्हती. सगळेच आपापली माणसं घेऊन आलेले. मामाची बँड पार्टी तर युनिफॉर्ममध्ये आली होती. सिनेमा कंपनीकडून कायद्याचं काम पाहणारी एक तरुण बाई मुंबईहून आली. ती भांडेल म्हणून मी अस्तन्या सरसावून बसले होते, पण तिला भांडायचं नव्हतंच. नाटक कुणाचं आहे याचा स्वच्छ कागद मिळाल्याशिवाय तिच्या वरिष्ठांचं पानही हलणार नव्हतं. आमच्या सात नकला पाहून ती इतकी खूश झाली, की तिनं गोहलपूरच्या सोनेरी पट्टीचे फोटो काढले.

काकू निळं काठपदराचं नेसून, काकांना बरोबर घेऊन आल्या होत्या. मी करार मराठीत वाचला. पाच पानं, मंगळ नाही. मग काकूंनी वापसी केली, त्यांच्या बोलीत, एखादी गोष्ट सांगावी तशी. "मी माझं नाटक यांना पिक्चर बनवायला देऊन राहिली. हिंदीत. एकच पिक्चर. दुसरा बनवायचा तर मला पुन्हा विचारायचं. नाटक स्टेजवर करायचा हक्क माझ्याकडेच, मंडळ गणपतीत करणार, त्यांना कुणी रोकणार नाही. सात भावजींचे आभार पडद्यावर. आणि लेखिका म्हणून माझं नाव सुरुवातीला, एकटं, सगळ्यांना वाचता येईल इतका वेळ." कुठंच अटकल्या नाहीत. सरांनी मान डोलावली. मी मनातल्या मनात पास झाले होते.

"फक्त एक," काकू म्हणाल्या. "हे नाव माझं नाही."

मी करार हिसकावूनच घेतला. आधार कार्डाशी ताडून पाहिलेलं नाव होतं.

"सरकारी आहे ते," काकू म्हणाल्या. "यांनी ठेवलेलं, लग्नात. छान आहे, मी काही तक्रार नाही करून राहिली. पण लिहायला मी शाळेत असताना लागली, माहेरच्या नावानं. आजही लिहायला बसली की मी तीच असते. हे नाव घातलं तर नाटक दुसऱ्याच बाईनं लिहिल्यासारखं दिसते."

इतके दिवस नावाच्या एका ओळीसाठी मी जिवाचं रान केलं, आणि ते नाव कुठलं हे विचारायचंच राहून गेलं. आमच्याकडे लग्नात नवऱ्या मुलानं ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहायचं आणि जुनं तिथंच संपायचं, हे इतकं अंगवळणी पडलेलं, की वकील होऊनही मला ते दिसलं नाही. मी सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "इसमें क्या है? सही करने वाली का नाम कागज वाला. पर्दे पर वो, जो लेखिका कहे." मुंबईच्या बाईंनी लगेच होकार दिला. मी पेनानं 'ऊर्फ' घालून माहेरचं नाव लिहिलं, पडद्याच्या अटीत फक्त तेच ठेवलं, बाजूला सगळ्यांच्या छोट्या सह्या घेतल्या. काकूंनी मला ती ओळ तीनदा वाचायला लावली.

साक्षीदार म्हणून सही काकांची होती. सरांची आणखी एक पद्धत, की साक्षीदारानं नुसती सही करायची नाही. 'मी या लेखिकेला ओळखतो' हे नावासकट स्वतःच्या हातानं लिहायचं. काकांनी पेन घेतलं, 'मी' एवढं लिहिलं आणि थांबले. तांदळात ते दुसरं नाव त्यांनीच लिहिलं होतं. आता हे रागावणार, असं मला वाटलं, आणि मी उत्तर तयार ठेवलं, जरा तिखटच.

"हे नाव मी कधी तोंडानं घेतलंच नाही," काका म्हणाले. "लग्नपत्रिकेत वाचलं होतं एकदा. दुसऱ्या दिवशी बदलून टाकलं."

मग त्यांनी ते लिहिलं, सावकाश, एकेक अक्षर. पेनाला टोपण लावलं. खिडकीकडे पाहत, मान न वळवता, त्यांनी त्या नावानं हाक मारली. काकू शेजारच्याच खुर्चीत होत्या. तरी त्यांनी लांबच्या अंगणातून द्यावी तशी मोठ्यानं ओ दिली.